जिच्यासाठी बाबांनी कूलर बंद केला

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात तीन कंपन्यांची कोटेशनं समोर घेऊन बसले होते. नागपूरच्या मिहानमधल्या एका कारखान्याचा खरेदी विभाग मी सांभाळते. सकाळची वेळ दर, वॉरंटी आणि माल का पोचला नाही याची कारणं ऐकण्यात जाते. फोनवर शैलाचे यजमान, मुकुंदभाऊजी होते. मी विचारलं, कोणत्या दवाखान्यात आहात? दवाखान्यात नेण्याची वेळच आली नव्हती. कप विसळता विसळता ती ओट्यापाशी खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. शेजारचे डॉक्टर येऊन बघून गेले होते. मग मी जे विचारायचं असतं ते विचारलं... मुलगी पुण्याहून कधी पोचते, घाटावर किती वाजता, जेवणाचं कोण बघतंय. ही कामं मला जमतात आणि त्या दिवशी ती मीच केली.

बाबांना संध्याकाळी सांगितलं. आई गेल्यापासून ते आमच्याकडे हुडकेश्वरला असतात. खाटेवर बसून ते कान कोरत होते. मी सांगितल्यावर कान कोरायची काडी त्यांनी नीट डबीत ठेवली, डबीचं झाकण लावलं आणि म्हणाले, "म्हणजे शैला बुधवारी येणार नाही." त्या रात्री बाबा जेवले नाहीत. आई गेली त्या दिवशी त्यांनी सगळ्या पाहुण्यांना बळेच पानावर बसवलं होतं आणि स्वतःही वरणभात खाल्ला होता, हे मला लख्ख आठवत होतं. मी त्यांचं ताट झाकून ठेवलं. तेव्हा मला जे वाटलं त्याला दुःख म्हणता येणार नाही. दुःख नंतर आलं, सवडीने. त्या क्षणी मला शैलाचा हेवा वाटला. असा हेवा मला तिचा तीस-एक वर्षं वाटत आला होता, आणि ती मेली म्हणून तो लगेच थांबेल असं काही नव्हतं.

आम्ही कॉलेजपासूनच्या. बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात होते, तिथल्या कॉलनीतून मी बसने नागपूरला यायचे. ती नागपुरातच, महाल भागात राहायची. एकदा सुटीत ती आमच्याकडे यायला निघाली. बसमध्ये माझ्या शेजारी जागा नव्हती म्हणून ती मागे एका अनोळखी बाईजवळ बसली. कोराडी येईपर्यंत त्या बाईने तिला सुनेचं सगळं सांगून टाकलं होतं, आणि उतरताना डब्यातल्या शंकरपाळ्या तिच्या ओढणीत ओतल्या. मी त्याच बसने इतकी वर्षं गेले-आले, मला कधी कोणी "थोडं सरका" याच्यापलीकडे काही म्हटलं नाही. शैला काही विशेष करायची असंही नाही. ती गोड बोलायची नाही, मान डोलवायची नाही. नुसती बसायची. पण तिच्यासमोर माणसांना बोलावंसं वाटे आणि माझ्यासमोर त्यांना घड्याळ दिसे.

शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर तिने जाहीर केलं की आता ती म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करणार. मोबाइलवर करून पाहिलं होतं. "पण मोबाइल स्वतःच ठरवतो वं, काय ऐकायचं ते," ती म्हणाली. "पंख्याचा आवाज कापायला जातो आणि माणसाचा श्वासही कापून टाकतो. तू खरेदीतली ना, मला रेकॉर्डर अन् माईक निवडून दे." हे काम माझं होतं. मी आठवडाभर वाचलं, लोकांना फोन केले आणि तक्ता तयार केला. शांत खोलीत रेकॉर्डर स्वतः किती सळसळतो, बाहेरचा माईक लावायची सोय आहे का, बाजारात कुठेही मिळणारे पेन्सिल सेल चालतात का की आतली बॅटरी संपली की खेळ खलास, कोणी एकदम खदखदून हसलं तर आवाज फाटतो का, वाऱ्यासाठी माईकवर घालायची केसाळ टोपी सोबत येते का. सगळं लिहून गुण दिले. पहिला नंबर एका दणकट रेकॉर्डरचा आला, दोन मोठे माईक जोडता येतील असा, आणि त्याच्याबरोबर लांब नळीसारखा गन माईक. ज्या दिशेला धराल तिकडचंच ऐकतो, बाजूचं सोडून देतो. नागपूरच्या घरांत कूलर, फ्रिज, मिक्सर आणि शेजाऱ्याचा टीव्ही यांतून माणूस वेगळा काढायला हाच माईक हवा, असा माझा निष्कर्ष होता.

सीताबर्डीवरच्या दुकानात शैलाने तक्ता घडी करून पर्समध्ये ठेवला आणि हेडफोन कानाला लावले. एकेक रेकॉर्डर हातात घेऊन ती त्याच्या अंगावर अंगठा फिरवत होती. "हा नको, बोट हललं तरी खरखरतो." मग दुकानदाराला म्हणाली, "दादा, तुम्ही काहीतरी बोला, मी ऐकते."

"क्या बोलू मॅडम?"

"सकाळी काय खाल्लं?"

त्याने तर्री-पोह्यांपासून सुरुवात केली. तर्री कोणाकडची चांगली, पूर्वी भाऊ आणि तो मिळून कुठे खायला जायचे, आता भाऊ का बोलत नाही, दुकानाच्या वाटण्या कशा झाल्या... मी बाजूला उभी राहून वॉरंटीचं विचारत होते. त्याच्या कानावर ते जाईना.

तिने घेतला तो तक्त्यातला तिसरा. मुठीत मावणारा, डोक्यावर दोन छोटे माईक बसवलेला, पेन्सिल सेलवर चालणारा. मी म्हटलं, "याची सळसळ जास्त आहे. वाच तरी."

"जवळ ठेवीन वंदना. महागडा माईक लांब ठेवला तर काय फायदा? हा वीतभर अंतरावर ठेवला तर काकांच्या आवाजाखाली सळसळ कुठे जाते बघ."

"कोणते काका?"

"तुझे बाबा. सुरुवात त्यांच्यापासूनच आहे." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "अन् तो गन माईक काकांपुढे धरला ना, तर हात वर करून जबाब देतील. बोलणार नाहीत."

माझ्या घरात राहणाऱ्या माझ्या वडिलांशी तिचं आधीच ठरलं होतं आणि मला ते सीताबर्डीच्या दुकानात कळत होतं. त्याच आठवड्यात मी पहिल्या नंबरचा रेकॉर्डर आणि गन माईक स्वतःसाठी मागवला. एवढा अभ्यास फुकट कशाला घालवायचा?

रविवारी दुपारी मी तो बाबांच्या खोलीत स्टँडवर लावला, हेडफोन घातले, आवाजाची पातळी जुळवली. बाबा खाटेवर बनियनवर बसले होते. त्यामुळे कॉलरला लावायच्या चिमुकल्या माईकचा पर्याय आधीच बाद झाला होता, कारण कॉलरच नव्हती. "बाबा, कॉलनीतलं काही सांगा."

"काय सांगू?"

"काहीही."

"काहीही काय असते?"

"बरं, आईबद्दल सांगा."

"चांगली होती," बाबा म्हणाले, आणि नळीकडे बघत बसले. नंतर ऐकलं तर त्यात मुख्यतः आमचा कूलर होता, आणि विहिरीच्या तळातून आल्यासारखे बाबा. गन माईक मोकळ्या जागेत चांगला, पण लहान खोलीत तो भिंतींवरून परत येणारा आवाजही गोळा करतो, हे मला शैलाने नंतर समजावून सांगितलं. तिने ते जिंकल्यासारखं सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने खरोखर मला कळावं म्हणून सांगितलं.

दर बुधवारी ती यायला लागली. मी ऑफिसात, नवरा त्याच्या दुकानात, घरी बाबा एकटे. मे महिना होता. नागपूरच्या मे महिन्यात भर दुपारी कूलर बंद करणं म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. आणि बाबा तर होळी झाल्याबरोबर कूलरच्या ताट्यांत नवीन वाळा भरून घेणारे, त्याचा पंप अडला तर जावयाला जेवणावरून उठवणारे. एका बुधवारी डोकं दुखत होतं म्हणून मी लवकर घरी आले. दार लोटलं तर घर गप्प. मला वाटलं वीज गेली. आत बघते तर बाबा घामाने निथळत बोलत होते. समोर स्टुलावर पंच्याची घडी, घडीवर तो छोटासा रेकॉर्डर. शैला गळ्याभोवती ओला रुमाल गुंडाळून बसली होती. कूलर, पंखा, सगळं बंद. बाबा हातवारे करत होते. माझ्या वडिलांना हातवारे करताना मी लहानपणापासून पाहिलेलं नव्हतं. मला बघून ते थांबले.

"आली का वं?" ते म्हणाले, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून दिले.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, फ्रिज उघडला तर आतला दिवा लागेना, आणि कोथिंबिरीच्या जुडीवर स्कूटीची किल्ली. शैला मागोमाग धावत आली. "अगं, मीच बंद केलाय. त्याची घरघर येते ना. मागे एकीकडे तसाच बंद ठेवून निघून आले, त्यांचं दूध नासलं, श्रीखंडाचा चक्का गेला. तेव्हापासून किल्ली आत ठेवते. घरी जायचं तर फ्रिज उघडावाच लागतो." युक्ती चांगली होती. मीही कोणाला तरी सांगितली असती, पण फ्रिज माझा होता.

रात्री मी बाबांना म्हटलं, "माझ्यासाठी तुम्ही कधी कूलर बंद केला नाहीत."

"तू म्हटलं होतं काय, बंद करा म्हणून?"

"म्हटलं असतं तर केला असता?"

बाबांनी जरा विचार केला. "नाही," ते म्हणाले. मग आडवे होत म्हणाले, "तुले काही सांगितलं का तू उपाय सांगते. गुडघा दुखते म्हटलं का गोळी, झोप येत नाही म्हटलं का डॉक्टर. शैला आयकते अन् चहा मांडते."

उपाय सांगू नये तर काय करावं, हे मला अजूनही कळलेलं नाही. दुखणाऱ्या गुडघ्याचं नुसतं ऐकून घेतल्याने गुडघा थांबत नाही. पण बुधवार आला की बाबा सकाळीच दाढी करू लागले. रविवारी मी घरी असे तेव्हा त्यांची दाढी वाढलेली असे.

कूलर उतरले, पाऊस झाला, पोळा झाला. पोळ्यानंतरच्या बुधवारी मी घरी पोचले तेव्हा शैला फाटकाशी स्कूटी काढत होती. "काका आज काकूंबद्दल बोलले," ती म्हणाली. आई गेल्यापासून बाबांनी माझ्याजवळ तिचं नाव काढलं नव्हतं. मी विचारलं, काय बोलले? तिने हेल्मेटचा पट्टा लावला. "पुढच्या वेळी पूर्ण होईल. मग तू त्यांच्याच तोंडून ऐक. मी सांगितलं तर ते माझं सांगणं होईल."

"माझी आई आहे, शैला."

"म्हणूनच ना वं," ती म्हणाली आणि गेली. पुढच्या बुधवारच्या आत ती वारली.

तेरवीला खूप माणसं आली होती. वाचनालयातल्या बाई, शाळेतली शिपाईण, स्कूटी दुरुस्त करणारे दादा. प्रत्येक जण थोड्याफार फरकाने एकच सांगत होता, की शैलाताईंना मी काहीही सांगू शकत असे. प्रत्येकाला तो एकटाच तिला इतका जवळचा वाटत होता. मी वाढायला घेतलं. बसून ते ऐकणं मला शक्य नव्हतं, कारण मलाही तेच वाटत आलं होतं, आणि आता एका ओळीत पत्रावळींवर बसलेल्या सगळ्यांमध्ये ते वाटलं जात होतं. निघताना भाऊजींनी रुमालात बांधलेला तो रेकॉर्डर माझ्या हातात दिला. "काकांचं सगळं यात आहे. तिने सांगून ठेवलं होतं, हे वंदनाचं म्हणून."

मी तो ऑफिसच्या बसमध्ये ऐकला. सळसळ होती, मी म्हटलं होतं तेवढी. तिच्या वर बाबा होते, इतके जवळ की त्यांच्या कवळीचा खट्ट आवाजही येत होता. आणि बाबा हसत होते. ते हसतात हे मला माहीत होतं. असे, श्वास लागेपर्यंत हसतात, हे नव्हतं. शैलाचा आवाज जवळजवळ नाहीच. मधूनच एखादं "मग?" तेही हळू.

शेवटच्या बुधवारी बाबा सांगत होते की लग्न होऊन आई कॉलनीत आली त्याच आठवड्यात वीज केंद्रातला एक व्हॉल्व्ह उडाला. त्यात काही बिघडलेलं नसतं. वाफ जास्त झाली की ती तशीच सोडतात, पण आवाज असा होतो की नवीन माणसाला वाटावं, सगळं फुटलं. आई चुलीवरचं तसंच टाकून अनवाणी गेटवर धावली. गेटवरच्या माणसाने विचारलं, "बाई, कोणाले बोलावू?" आई नवऱ्याचं नाव घेईना. आडनाव विचारलं तर घाबरून माहेरचं सांगितलं. त्या आडनावाचं कोणी कामावर नव्हतं, म्हणून ती रडायला लागली... इथे बाबा थांबले. म्हणाले, "राह्यलेलं पुढच्या बुधवारी. पयले चहा मांड, शैला." मग कपांचा आवाज, आणि रेकॉर्डिंग संपलं.

मला पुढचं हवं होतं. माझी आई गेटवर रडत उभी होती आणि तिला तिथून घरी आणणारा एकच माणूस माझ्या घरात, शेजारच्या खोलीत होता. मी त्याच दिवशी विचारलं, "बाबा, मग आईने गेटवर काय सांगितलं?"

बाबांनी पेपर खाली केला. "तुले कोनं सांगितलं हे?"

"रेकॉर्डिंगमध्ये ऐकलं."

"ते तुले नव्हतं सांगितलं," बाबा म्हणाले, आणि पेपर पुन्हा वर घेतला.

मी जेवताना विचारलं, फिरायला जाताना विचारलं. सरळ विचारलं, आडून विचारलं. "आठवत नाही," म्हणायचे. एकदा मी म्हटलं, शैलाला आठवून सांगत होतात ते? तर उठून गेले. बुधवारी दाढी मात्र करत राहिले. करून, पावडर लावून खाटेवर बसत आणि चहाच्या वेळेपर्यंत दाराकडे तोंड करून असत. हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं. ते ऐकून मी जळले, आणि मग अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

गेल्या बुधवारी मी स्टूल ओढलं, पंच्याची घडी केली, शैलाचा रेकॉर्डर त्यावर ठेवला. सेल नवीन घातले. माझा मोठा रेकॉर्डर कपाटातच राहू दिला, कारण तो बघून बाबांचा जबाब सुरू झाला असता. लाल बटण दाबून मी स्टुलाच्या पलीकडे बसले. काय विचारायचं ते ठरवून आले होते, पण बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते रेकॉर्डरकडे बघत होते. घसा खाकरून म्हणाले, "तर शैला, ते गेटवर रडून राह्यली होती."

मला वाटलं वयाचं काही झालं. मी म्हटलं, "बाबा, शैला गेली."

"माहीत आहे मले," बाबा चिडून म्हणाले. "म्हणून काय तिले गेटवरच उभी ठेवायची?"

बाबा सांगू लागले. गेटवरचा माणूस म्हणाला, नाव नाही तर नाही, दिसते कसा ते सांग. आता ती काय सांगणार? नवी नवरी, मान वर करून पाहिलं होतं कुठे? लग्नात अंतरपाट, घरी सासू. तिने पाहिले होते फक्त पाय. म्हणून तिने सांगितलं, डाव्या चपलेच्या अंगठ्याला तार बांधली आहे, ते. त्या माणसाने आत निरोप धाडला. सगळे पोट धरून हसत होते आणि बाबा तसेच धावत गेटवर आले. पण आत कामावर बूट लागायचे. चपला राहिल्या होत्या आतल्या खोलीत. आईने त्यांच्या बुटांकडे पाहिलं आणि गेटवरच्या माणसाला म्हणाली, हे नव्हेत.

"समोर मी उभा," बाबा म्हणाले, "अन् ते म्हंते, हे नव्हेत. बोलावं तर आवाजबी वळखे ना. घरी मी बोललोच कुठं होतो आठ दिवस? मंग काय करतो? तिथंच खाली बसलो, बूट काढले, मोजे काढले. पाय पाह्यले तिनं अन् डोक्यावरचा पदर सारखा केला. म्हंते, चला, भाकर करपली असन." ते हसले. तसंच, श्वास लागेपर्यंत. मग डोळे पुसून पुढे वाकले आणि रेकॉर्डरला विचारलं, "समजलं काय, शैला?"

ते थांबले. त्यांना उत्तर हवं होतं. त्या खोलीत ते देऊ शकेल असं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी "हो" म्हणाले.

बाबांनी मान हलवली आणि कॉलनीतल्या पहिल्या घराचं सांगायला घेतलं, तेही तिलाच. रात्री मी हेडफोन लावून सगळं तपासलं. स्वच्छ आलं आहे. फक्त मी फार जवळ बसले होते, त्यामुळे तो "हो" थोडा फाटला आहे. कापून टाकता येईल, दोन मिनिटांचं काम आहे. मी तो कापलेला नाही. रेकॉर्डरच्या त्या सगळ्या मेमरी कार्डावर माझं एवढंच आहे.